ताई-दादांनी शिकायचं कुठं?

उचगावातली शाळा संध्याकाळी सुटते आणि त्यानंतरचे दोन-तीन तास कुणाच्याच हिशेबात नसतात. वडील गोकुळ शिरगावला नाहीतर शिरोलीला, फाउंड्रीत दुसऱ्या पाळीवर. आई गांधीनगरच्या कापडपेठेत दुकानात उभी, किंवा घरीच बसून हुपरीकडून आलेलं पैंजणाचं काम उरकण्याच्या घाईत. गाव ग्रामपंचायतीचं, पण पुणे–बंगळूर महामार्ग अंगावरून जातो आणि कोल्हापूरच्या हद्दवाढीच्या यादीत गावाचं नाव वर्षानुवर्षं येतं-जातं. जमिनी विकल्या गेल्या, घरांवर भाड्याच्या खोल्या चढल्या, त्या खोल्यांतून बाहेरगावचे कामगार राहायला आले. त्यांच्या मुलांची आजी शेजारच्या गल्लीत नाही; ती विजापूरकडं आहे किंवा बिहारात आहे. शाळा सुटल्यावर अशा मुलाच्या हातात घराची किल्ली असते, नाहीतर मोबाइल असतो, नाहीतर धाकटं भावंड असतं.

हे तास सांभाळणारी माणसंही आहेत. कुणी समाजमंदिरात अभ्यासिका घेतं, कुणी स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत मुलं बसवतं, कुणी एखाद्या संस्थेच्या मानधनावर वीटभट्टीजवळ वर्ग चालवतं, कुणी तालीम मंडळाच्या पटांगणात खेळ घेतं. मुलं त्यांना ताई म्हणतात, दादा म्हणतात. त्यांतली कुणी बारावी झालेली आहे, कुणी डी.एड. करून भरतीची वाट पाहून थकलेली, कुणी लग्नानंतर इथं आलेली आणि दुपार मोकळी असलेली. एखादे निवृत्त गुरुजीही असतात. पुढच्या पानांतली पुस्तिका या सगळ्यांसाठी आहे, आणि ती हातात घेण्याआधी तिच्यामागचा विचार मांडावा एवढंच या प्रस्तावनेचं काम.

तो विचार साधा आहे. शाळेतल्या शिक्षकाला शिकवण्याआधी पदविका लागते. नोकरीत आल्यावर केंद्रशाळेत दरमहा शिक्षण परिषद असते, केंद्रप्रमुख असतात, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था असते. अंगणवाडी सेविकेलाही शासनाचं प्रशिक्षण आहे, पर्यवेक्षिका आहे. हीच मुलं संध्याकाळी ज्या ताईकडं येतात, तिला यातलं काहीही नाही. शाळेत ज्याला जमलं नाही ते मूल तिच्याकडं येतं, म्हणजे सर्वांत अवघड मूल सर्वांत कमी तयारीच्या माणसाच्या हाती दिलं जातं. हा अन्याय मुलावर आहे आणि ताईवरही आहे.

या कामाला तयारी लागते हेच पुष्कळांना पटत नाही. ‘पोरं बसवायची, गृहपाठ करून घ्यायचा, त्यात काय शिकायचंय?’ असं अगदी चांगली माणसंही म्हणतात. म्हणून एक प्रसंग सांगते. अशाच एका वर्गात मी मागं बसले होते. चौथीतला एक मुलगा धडा वाचून दाखवत होता. आवाज खणखणीत, एकही अडखळ नाही. ताईनं त्याला थांबवलं आणि ओळीच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. मुलगा गप्प झाला. मग त्यानं ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणायला घेतलं आणि बोट ठेवलेल्या शब्दापर्यंत येऊन तो शब्द ‘वाचला’. धडा त्याला पाठ होता, अक्षर ओळखीचं नव्हतं. चार वर्षं तो या युक्तीवर तरून गेला होता. ताई रागावली नाही. इतर मुलांसमोर काही बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुठ्ठ्याचे तुकडे आणले: म, क, ल, न आणि एक काना. तेवढ्यात कान, नाक, मका, माल, मान, काम, कमाल असे शब्द होतात. मुलगा तुकडे सरकवत शब्द जुळवू लागला आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दाला त्याच्या लक्षात आलं की काना लागला की आवाज बदलतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानं धरलं.

यात ताईला किती गोष्टी माहीत होत्या ते पाहा. मूल पाठांतर लपवतं हे माहीत होतं. ते कसं ओळखायचं हे माहीत होतं. सगळी मुळाक्षरं ओळीनं घोटण्यापेक्षा शब्द बनतील असा थोड्या अक्षरांचा गट घ्यावा, हे माहीत होतं. आणि मुलाची लाज राखायची, हेही. यातलं काही जन्मजात नसतं. ती हे कुणाकडून तरी शिकली होती.

महाराष्ट्रात हे शिकवणारी माणसं झाली आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्यापासून फार लांबची नाहीत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1978 च्या सुमारास मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. मराठीचा अभ्यास करायला आल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या किंवा शाळा सुटलेल्या मुलांना लिहा-वाचायला शिकवणं, एवढंच सुरुवातीचं काम होतं. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, 1986 साली कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली आणि वाचन शिकवण्याची एक घासूनपुसून घेतलेली पद्धत तयार झाली. आज त्या संस्थेतली माणसं इतर ठिकाणच्या शिक्षकांना ती पद्धत शिकवतात. क्रम मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. आधी वस्तीतला वर्ग, मग शाळा, मग शिक्षकांचं प्रशिक्षण. शाळेबाहेरचा वर्ग म्हणजे शाळेची दुय्यम नक्कल, ही समजूत फलटणनं खोटी ठरवली आहे.

पुण्यात कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी शुभदा जोशी यांनी 1996 साली ‘खेळघर’ सुरू केलं. ‘पालकनीती’ हे मासिक 1987 पासून चालवणाऱ्या परिवाराचं हे काम. नावाप्रमाणे तिथं खेळाला पहिला मान आहे. गप्पा, चित्रं, गोष्टी, सहली, आणि त्यांच्या अंगानं गणित-भाषा. मला खेळघराचं मोल वेगळ्या कारणानंही वाटतं. त्यांनी आपल्या कामाच्या नोंदी ठेवल्या, त्या लिहून काढल्या, आणि दुसऱ्यांना खेळघर सुरू करायचं असेल तर त्यांना शिकवायची तयारी ठेवली. आपल्याकडं चांगलं काम करणारे पुष्कळ आहेत. ते लिहून ठेवणारे फार थोडे. लिहिलं नाही तर ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की तिच्यासोबत सगळं शहाणपण जातं.

मुंबईत बिना लष्करी आणि रजनी परांजपे यांनी 1988 साली कुलाब्याच्या वस्तीत ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केलं. पुढं पुण्यात बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांपर्यंत ते पोहोचलं. ‘आकांक्षा’ या संस्थेची सुरुवात 1991 साली शाळेनंतरच्या केंद्रांपासून झाली, शिकवणारी होती कॉलेजातली मुलं-मुली. वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांच्या ‘क्वेस्ट’चं काम मागं पडलेल्या आदिवासी मुलांवर केंद्रित आहे. कोल्हापुरात अनुराधा भोसले यांची ‘अवनि’ वीटभट्ट्यांवरच्या आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी झटते. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, 1941 पासून, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा संध्याकाळी मैदानावर मुलं गोळा करत होत्या. शाखा चालवणाऱ्यांसाठी अभ्यास शिबिरं होत होती. शाखानायकाला तयार करावं लागतं, हे त्या मंडळींनी गृहीतच धरलं होतं.

आपल्या जिल्ह्याचा मान इथं सांगितलाच पाहिजे. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे देशातले मोठे शिक्षणतज्ज्ञ. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, आणि त्यांच्यासोबत चित्रा नाईक यांचंही. पुढं पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतून चित्राताईंनी 1979 पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत मोठा प्रयोग केला. दिवसा गुरं राखणाऱ्या, भावंडं सांभाळणाऱ्या, रानात जाणाऱ्या मुलांसाठी, त्यांतही मुलींसाठी, संध्याकाळी वर्ग. शिकवणारी माणसं गावातलीच. परीक्षेच्या जागी ‘बालजत्रा’ होती. मुलं एकत्र यायची, खेळातून आणि कृतीतून आपल्याला काय येतं ते दाखवायची, आणि गाव ते बघायचं. आपलं मूल वाचतंय हे आईनं डोळ्यांनी पाहिलं की वर्ग टिकतो, ही गोष्ट त्या जत्रेनं सांभाळली. उचगावात यात्रेला माणूस लोटतो. वर्षातून एकदा अशी मुलांची जत्रा भरवणं आपल्याला सहज जमेल.

खुद्द कोल्हापूर शहरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षक घडवण्याच्या क्षेत्रात आयुष्य काढलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर स्वतः शाळा काढावी, यातच त्यांचा स्वभाव दिसतो. ती शाळा आहे, अभ्यासिका नाही. तरी लीलाताईंचं लेखन अभ्यासिकेतल्या ताईनं वाचावं असा माझा आग्रह आहे, कारण त्यात शिक्षक स्वतःकडं कसा बघतो हे आहे. आज वर्गात काय घडलं, कुठल्या मुलाचा चेहरा पडला, माझा कुठला प्रश्न फुकट गेला, याचा माग काढत राहण्याची सवय त्या लेखनातून लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. ताई-दादांचं प्रशिक्षण कसं असावं? एका दिवसाच्या कार्यशाळेवर माझा विश्वास उरलेला नाही. हॉल, फलक, पाहुण्यांचा सत्कार, दोन व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र. ताई घरी येते ती उत्साहानं, आणि सोमवारी वर्गात तीच पंचवीस मुलं, तोच एक फळा, तीच अडचण. विचारायला कुणी नाही. पंधरा दिवसांत कार्यशाळा विरून जाते.

याउलट ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचं पाहा. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या मुलांना रोज दोन तास वस्तीतलीच एक तरुणी वेगळं बसवून शिकवायची. वर्ग शाळेच्या वेळेत होता, पण शिकवणारी आपल्या ताईसारखीच. तिला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि नंतर वर्षभर पाठीशी कुणीतरी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा अभ्यास करून 2007 साली तो प्रसिद्ध केला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. मला त्यातला ‘वर्षभर पाठीशी कुणीतरी’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते मानधन मात्र तेव्हाही अपुरं होतं, आणि आजही या कामाचं मोल त्याच मापानं करायची सवय गेलेली नाही. स्वस्तात होतं म्हणून हे काम चांगलं, असं कुणी म्हणू नये.

‘प्रथम’नंच उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या तरुणांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालवले. जी मुलं आली त्यांचं वाचन सुधारलं, पण येणारी मुलंच थोडी होती. म्हणजे शिकवण्याची पद्धत येणं पुरेसं नाही. मुलाच्या घरी जाणं, आईशी बोलणं, दोन दिवस न आलेल्याची चौकशी करणं, हाही कामाचा भाग आहे आणि प्रशिक्षणाचाही असला पाहिजे. उचगावात तर घरभेटीची वेळ पाळी बघूनच ठरवावी लागते.

म्हणून या पुस्तिकेत सुचवलेली रचना छोटी आहे. आसपासच्या चार-पाच वर्गांच्या ताई-दादांनी दर पंधरा दिवसांनी एकत्र बसायचं. उचगाव, सरनोबतवाडी, मुडशिंगी, गांधीनगर, वळिवडे ही गावं एकमेकांना लागून आहेत. प्रवासाचं कारण नाही. प्रत्येक वेळी कुणा एकाच्या वर्गात बसायचं, वर्ग चालू असताना पाहायचं, मग मुलं गेल्यावर बोलायचं. ज्याचा वर्ग पाहिला त्यानं आधी बोलायचं, पाहुण्यांनी नंतर. एका मुलाची वही मधोमध ठेवून सगळ्यांनी ती वाचायची: हे मूल इथं का चुकलं असेल? हातच्याच्या वजाबाकीची एक वही नीट पाहिली तरी तासभर पुरत नाही. आणि या बैठकीचं मानधन मिळालं पाहिजे. बैठक ही कामाची वेळ आहे, ताईच्या घरकामातून चोरलेली वेळ नव्हे. संस्था चालवणाऱ्यांना हे वाचताना थोडं जड जाईल. तरी मी ते ठामपणे लिहिते.

साहित्याची रड आता फारशी खरी राहिलेली नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत, छापून वाटलीत तरी चालतात. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी सगळ्यांना ठाऊक आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे आकार बनतात, आणि या वस्तू उचगावच्या कुठल्याही दुकानात मिळतील. माधुरी पुरंदरे यांचं ‘लिहावे नेटके’ प्रत्येक वर्गात एक तरी असावं. कोल्हापुरात 1850 साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. कमतरता आहे ती यातलं कुठलं, कुठल्या मुलाला, कुठल्या दिवशी द्यायचं हे ठरवण्याच्या सरावाची. तो सराव पंधरवड्याच्या बैठकीतच येतो.

एका बाबतीत मात्र सरावाची वाट पाहता येत नाही. मुलांच्या सुरक्षिततेची माहिती पहिल्या दिवसाआधी झाली पाहिजे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो की असा प्रकार घडल्याचं कळलं किंवा तशी धास्ती वाटली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. ‘गावातलं प्रकरण गावात मिटवू’ हे चालणार नाही. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहिलेला असावा. मूल काही सांगत असेल तर उलटतपासणी न करता ऐकायचं, ‘तुझी चूक नाही’ हे सांगायचं, आणि कुणालाही न सांगण्याचं वचन द्यायचं नाही. नव्या ताई-दादाची पोलीस पडताळणी, मोठ्या माणसासोबत बंद खोलीत एकटं मूल असणार नाही ही शिस्त, अंधार पडल्यावर मुलं कुणासोबत घरी जातात याची नोंद, या गोष्टींना पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. बाकी काही वाचलं नाही तरी ते वाचा.

जगात या कामाला काय दर्जा आहे हेही ठाऊक असावं. स्वीडनमध्ये शाळेनंतरच्या केंद्रातल्या शिक्षकासाठी विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जपाननं 2015 पासून अशा केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र पात्रता ठरवली आणि त्यासाठी 16 विषयांचं 24 तासांचं प्रशिक्षण ठेवलं. चोवीस तास म्हणजे रोज दोन तास धरले तर बारा दिवस. इतकं आपल्या जिल्ह्यालाही परवडेल.

आणि जग आपल्या दाराशीही येऊन गेलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, शेजारच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका आणि मुलं सर्वांत जास्त. घरदार, देश, बाप गमावलेल्या त्या मुलांसाठी छावणीत शाळा निघाल्या, आणि शाळेनंतर स्काउटांची पथकं होती. खायची-राहायची सोय झाली, आता संध्याकाळचं बघू नंतर, असं त्या लोकांनी म्हटलं नाही. पुढं त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आजची परप्रांतीय मुलं त्याच परिसरात नवी आहेत. त्यांची भाषा वेगळी आहे, आणि ताईला दोन भाषांच्या मुलांसोबत काम करायला शिकवणं हे आपल्या भागाचं खास काम आहे. घरची भाषा बोलल्याबद्दल मुलाला गप्प बसवू नये. त्याच भाषेतल्या गोष्टीपासून मराठीकडं यावं.

खर्च कुणी करायचा हा प्रश्न उरतो. पुष्कळसं पैशांविनाही होईल. जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवता येते. केंद्राच्या शिक्षण परिषदेला गावातल्या ताई-दादांनाही बोलावता येतं. गुरुजींना मूल वर्गात कसं आहे ते ठाऊक असतं, ताईला ते घरी कसं आहे ते ठाऊक असतं, आणि दोघं एकमेकांना भेटतच नाहीत. कोल्हापूरच्या ‘सायबर’ या शिक्षणसंस्थेत समाजकार्य शिकणारे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी जागा शोधत असतात. शेजारी कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत मुलांना फुकट सभासद करून घेतलं जातं. आपल्या ग्रामपंचायतीलाही तेवढं करता येईल. मानधनासाठी मात्र पैसा लागेल, आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आणि कारखान्यांच्या सामाजिक निधीत मागावा लागेल. या मुलांचे आईबाप ज्या पाळ्यांत राबतात, त्या पाळ्यांवर चालणाऱ्या उद्योगांकडं ही मागणी करण्यात संकोचाचं कारण नाही.

ताई-दादांनो, पुस्तिका एकट्यानं वाचून ठेवू नका. शेजारच्या गावात तुमच्यासारखं काम करणारं कोण आहे ते आधी शोधा, पहिल्या पंधरवड्याची तारीख ठरवा, आणि बैठकीला येताना एका मुलाची वही घेऊन या. ग्रामसभेत मानधनाचा आणि खोलीच्या किल्लीचा विषय लेखी द्या. सरपंच आणि केंद्रप्रमुख यांना द्यायच्या अर्जांचे नमुने शेवटच्या पानांवर आहेत. गावाचं नाव आणि तारीख तेवढी भरायची आहे.